सीओपीडीत एनएलआर साडेपाच, प्लेटलेट साडेचार लाखांवर : कॅन्सरच्या अंगाने यातलं काय वाचायचं?

सुदामानगर_जीपी (इंदूर)

नमस्कार. सीओपीडीची (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) केस अशी. पुरुष, वय ६६. पस्तीसेक वर्षं बिडी, आता बंद. एफईव्ही१ (पहिल्या सेकंदात जोराने फुंकलेली हवा) अपेक्षितच्या ४४ टक्के. टायोट्रोपियम आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका रुंदावणारी इनहेलर) चालू, इनहेल्ड स्टेरॉइड नाही. गेल्या आठवड्यात धाप वाढली, कफ पिवळा झाला, म्हणून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ४० मिग्रॅ रोज ५ दिवस आणि अँटिबायोटिक म्हणून अ‍ॅमॉक्सिक्लॅव दिलं. घरच्यांनी कोर्सच्या तिसऱ्या दिवशी परस्पर रक्त दिलं. रिपोर्ट:

एकूण पांढऱ्या पेशी ११,८००. त्यांत न्यूट्रोफिल ७८, लिम्फोसाइट १४, मोनोसाइट ७, इओसिनोफिल १ टक्का. प्लेटलेट ४.६२ लाख. हिमोग्लोबिन १६.८. ईएसआर (लाल पेशी खाली बसण्याचा वेग) ३८. अल्ब्युमिन ३.३. सीआरपी (दाह-संसर्गात वाढणारं प्रथिन) २.४ मिग्रॅ/डेसिलि.

आठ महिन्यांपूर्वी, तब्येत स्थिर असताना, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट: पेशी ८,४००, न्यूट्रोफिल ६२, लिम्फोसाइट २८, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ५. प्लेटलेट ३.१ लाख. सीआरपी ९ मिग्रॅ/लि.

एक्स-रेत उजव्या वरच्या भागात धूसर पट्टा. रेडिओलॉजिस्टने ‘जुना टीबी असावा’ लिहिलंय. टीबीचा इतिहास नाही, जुनी फिल्म सापडत नाही.

पेशंटच्या मुलाने मोबाइलवर एनएलआर (न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट) ५.६ आणि एसआयआय (तोच एनएलआर गुणिले प्लेटलेट) अडीच हजारांवर काढलाय, आणि ‘म्हणजे कॅन्सरच ना?’ असं विचारतोय. सीआरपी मात्र त्याला ९ वरून २.४ वर ‘उतरलेला’ दिसतोय. युनिटचा घोळ (२.४ मिग्रॅ/डेसिलि म्हणजे २४ मिग्रॅ/लि) मी समजावला आहे. माझे प्रश्न: या आकड्यांतला कुठला खरा धरायचा, काय परत करायचं आणि कधी? इओसिनोफिल १ टक्का, म्हणजे इनहेल्ड स्टेरॉइडचा विचार सोडायचा का?

श्वासपट (छातीरोग, इंदूर)

आधी निर्णय सांगतो, कारणं मग. छातीचा सीटी करा, आणि रक्त परत तपासायची वाट न बघता करा. साठी ओलांडलेला बिडी ओढणारा, एम्फिसीमा (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांची झीज), वरच्या लोबमध्ये नवी की जुनी हे न कळणारी सावली. एवढ्यावर सीटी लागतोच. एनएलआर १.८ आला असता तरी लागलाच असता. म्हणजे या निर्णयात एनएलआरला मत नाही, हेच मुलाला सांगा.

‘जुना टीबी’ हे शब्द आपल्याकडे फार स्वस्त झालेत. सावली जुनी म्हणायला एकच आधार चालतो: किमान दोन वर्षांपूर्वीची फिल्म आणि तिच्यात तंतोतंत तेच. ती नसेल तर सावली नवी धरायची. कफाचे दोन नमुने, त्यातला एक पहाटेचा, ट्रूनॅट किंवा सीबीनॅटला (टीबीच्या जंतूची तपासणी) पाठवा. तपासणी निगेटिव्ह आली म्हणून कॅन्सर ठरत नाही, आणि पॉझिटिव्ह आली म्हणून कॅन्सर सुटत नाही. दोन्ही एकाच लोबमध्ये सापडतात. जंतूचा पुरावा नसताना ‘दोन महिने टीबीची औषधं देऊन बघू’ हा प्रकार इथे करू नका. दोन महिन्यांत स्टेज बदलू शकते. पेट स्कॅनवरही विसंबू नका, टीबीची गाठसुद्धा पेटमध्ये झगझगीत दिसते. शेवटी तुकडा (बायॉप्सी) लागतो, आणि एम्फिसीमा असलेल्या फुप्फुसात सुई घातली की न्यूमोथोरॅक्सचा (फुप्फुसाबाहेर हवा साचून ते दबण्याचा) धोका जास्त. म्हणून तुकडा कुठून घ्यायचा हे सीटी बघून ठरवायचं. मध्यभागातल्या ग्रंथी वाढलेल्या असतील तर ईबसने (श्वासनलिकेत घातलेल्या सोनोग्राफीच्या दुर्बिणीने) तिथून घेणं जास्त सुरक्षित पडतं.

नखं बघितलीत का? सीओपीडीने क्लबिंग (नखं फुगणं) होत नाही. सीओपीडीच्या माणसाची नखं फुगलेली दिसली तर कॅन्सर, ब्रॉन्किएक्टॅसिस किंवा फायब्रोसिस शोधायचा. या एका नजरेची किंमत सगळ्या गुणोत्तरांपेक्षा जास्त आहे.

आता एनएलआर. प्रेडनिसोलोन पोटात गेल्यावर चार-सहा तासांत रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, लिम्फोसाइट रक्तातून मज्जेत आणि ग्रंथींत सरकतात, इओसिनोफिल जवळजवळ गायब होतात. अंश वाढला, छेद घटला. त्यात जंतुसंसर्गाची भर. तुमचा ५.५७ हा आकडा तिसऱ्या दिवसाच्या ४० मिग्रॅचा आहे, फुप्फुसातल्या सावलीचा नाही. एसआयआय म्हणजे तोच एनएलआर प्लेटलेटने गुणलेला: ४६२ गुणिले ५.५७, सुमारे २,५७०. त्यात प्लेटलेटखेरीज नवीन माहिती काही नाही. मुलगा एकाच साक्षीदाराला दोनदा उभं करतोय.

प्लेटलेटकडे मात्र मी लक्ष देईन. ३.१ वरून ४.६२ लाख ही उडी तीन दिवसांच्या स्टेरॉइडने समजत नाही. संसर्गाने होऊ शकते, पण कॅन्सरने आणि टीबीनेही होते. इंग्लंडच्या नाइस मार्गदर्शनात चाळिशीपुढच्या माणसाला प्लेटलेट वाढलेले दिसले तर लवकर छातीचा एक्स-रे करायचा विचार करा असं स्पष्ट लिहिलंय. तिथल्याच जीपींच्या (फॅमिली डॉक्टरांच्या) नोंदींवरच्या २०१७ च्या अभ्यासात प्लेटलेट ४ लाखांवर असलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांपैकी ११.६ टक्क्यांना आणि बायकांपैकी ६.२ टक्क्यांना वर्षभरात कॅन्सर निघाला, त्यात फुप्फुसाचा आणि मोठ्या आतड्याचा आघाडीवर. ही टक्केवारी उचलून इंदुरात लावू नका. आपल्याकडे टीबी आणि लोहाची कमतरता या दोन्ही गोष्टी प्लेटलेट वाढवतात आणि दोन्ही मुबलक आहेत.

इओसिनोफिलचं उत्तर सोपं आहे: आजचा १ टक्का फेकून द्या. ११,८०० चा १ टक्का म्हणजे ११८, आणि तो स्टेरॉइडखालचा. खरा आकडा आठ महिन्यांपूर्वीचा: ८,४०० चे ५ टक्के, म्हणजे ४२०. गोल्डच्या (सीओपीडीची जागतिक मार्गदर्शिका) चौकटीत ३०० वर आणि एक्झॅसर्बेशन (आजार अचानक बळावणं) होत असतील तर इनहेल्ड स्टेरॉइडची बाजू भक्कम, १०० खाली फायदा नगण्य, मधला पट्टा विचाराचा. म्हणजे हा पेशंट फायदा होणाऱ्यांतला दिसतो. पण दोन अटी. टीबी बाजूला काढल्याशिवाय सुरू करू नका, कारण इनहेल्ड स्टेरॉइडने न्यूमोनियाचा आणि टीबीचा धोका वाढतो. आणि ४२० हा जंतांचा आकडा नाही ना हे शौच तपासून बघा.

परत रक्त कधी? स्टेरॉइड संपून आणि एक्झॅसर्बेशन पूर्ण शमून किमान ४ आठवडे, ६ असतील तर बरं. सीआरपी मात्र लवकर करता येतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तास आणि ते आजाराने बदलत नाही. वाढतं-घटतं ते फक्त यकृतातलं उत्पादन. आग विझली तर चार दिवसांत पातळी साधारण बत्तिसाव्या भागावर यायला हवी. प्रत्यक्षात उत्पादन हळूहळू थांबतं म्हणून मी ७ ते १० दिवस देतो. तोवर २४ चा ८-९ झाला, म्हणजे स्वतःच्या जुन्या पातळीवर आला, तर संसर्ग होता. २० च्या आसपास अडून बसला तर आत काहीतरी चालू आहे: टीबी, गळू, ट्यूमर, ट्यूमरमागे तुंबलेला न्यूमोनिया.

काचपट्टी (पॅथॉलॉजी, रामबाग)

श्वासपट साहेबांनी आकड्यांचा अर्थ सांगितला. मला आकड्यांच्या जन्माबद्दल बोलायचंय, कारण या धाग्यातली निम्मी काळजी लॅबच्या टेबलावर तयार झालेली असू शकते.

पहिलं, तो ‘इओसिनोफिल १’ कुठून आला? गल्लीतल्या बऱ्याच लॅबमध्ये थ्री-पार्ट काउंटर असतो. तो लिम्फोसाइट, ग्रॅन्युलोसाइट आणि ‘मिड’ असे तीनच ढीग करतो, इओसिनोफिल वेगळे मोजतच नाही. मग रिपोर्टातला आकडा काचपट्टीवरून येतो, किंवा खरं सांगायचं तर सवयीने टाइप होतो. काचपट्टीवर १०० पेशी मोजून ३ टक्के लिहिले, तर खरा आकडा साधारण अर्धा टक्का ते साडेआठ टक्के यांत कुठेही असू शकतो. पेशी ८,४०० धरल्या तर हा पट्टा पन्नासच्या खालून सातशेपर्यंत जातो. यावर ३०० ची रेघ ओढून औषध ठरवणं म्हणजे नाणं उडवणं. फाइव्ह-पार्ट मशीनवरचा अ‍ॅब्सोल्यूट काउंट मागा. नसेल तर डंगर फ्लुइड (इओसिनोफिल रंगवणारा द्राव) घालून चेंबरवर मोजून मागा, ते कोणतीही नीट लॅब करते. दिवसाची वेळही एकच ठेवा, सकाळी हा काउंट खाली असतो आणि रात्री वर.

दुसरं, प्लेटलेट. आकडा अनपेक्षित आला की काचपट्टी बघितल्याशिवाय सही करू नये. लाल पेशी फार बारीक असतील, थॅलेसेमिया मायनरमध्ये असतात तशा, तर साधा काउंटर त्यांना प्लेटलेट समजून मोजतो आणि आकडा फुगतो. तुमच्या पेशंटचा एमसीव्ही (लाल पेशींचं सरासरी आकारमान) बघा, नॉर्मल असेल तर हा मुद्दा सुटला. उलटही होतं: ईडीटीएमध्ये (ट्यूबमधलं रक्त गोठू न देणारं रसायन) प्लेटलेटचे गुच्छ झाले की आकडा खोटा कमी येतो. तेव्हा सायट्रेट ट्यूबमध्ये परत घ्यावं आणि आलेला आकडा १.१ ने गुणावा, कारण सायट्रेटचं पाणी नऊला एक असतं.

तिसरं, सीआरपी. युनिट तुम्ही पकडलंत: २.४ मिग्रॅ/डेसिलि म्हणजे २४ मिग्रॅ/लि. पण पद्धतही विचारा. लॅटेक्सची स्लाइड टेस्ट असेल तर तिची रेघ साधारण ६ मिग्रॅ/लि वर असते, आणि सीआरपी फारच जास्त असला तर प्रोझोनमुळे (सीआरपीच्या मानाने अँटिबॉडी कमी पडल्यामुळे) गुठळ्या दिसतच नाहीत, टेस्ट ‘निगेटिव्ह’ येते. धाप लागलेला, ताप असलेला पेशंट आणि सीआरपी निगेटिव्ह, तर सीरम दहापट पातळ करून परत लावायला सांगा. टर्बिडिमेट्रीत (नमुन्याच्या गढूळपणावरून मोजण्यात) वेगळी अडचण: नमुना दुधाळ असला की प्रकाश तसाच विखुरतो. पोहे-जिलबी खाऊन, वर शेव मारून थेट लॅबमध्ये आलेल्या इंदुरी नमुन्याचं काय होतं ते सेंट्रिफ्यूजनंतर ट्यूब उचलली की दिसतं. सीआरपीला उपाशी राहायची गरज नाही हे खरं, पण ट्रायग्लिसराइड जास्त असलेल्याला सकाळी रिकाम्या पोटीच बोलवा. आणि ‘हाय सेन्सिटिव्हिटी’ची जादा किंमत इथे देऊ नका. ती टेस्ट हृदयाच्या जोखमीसाठी, १ आणि ३ च्या रेघांसाठी आहे. २४ मोजायला साधी पुरते.

चौथं, ईएसआर. ३८ हा आकडा मी सौम्य समजणार नाही. पुरुषाची ढोबळ वरची मर्यादा वय भागिले दोन, म्हणजे इथे ३३, म्हणून वरवर ‘थोडासा जास्त’ दिसतो. पण हिमोग्लोबिन १६.८ आहे. लाल पेशींची दाटी असली की ईएसआर दबतो. ऑक्सिजन कमी राहणाऱ्या सीओपीडीत हे नेहमीचं. त्याउलट रक्त कमी असलेल्या माणसाचा ३८ काहीच सांगत नाही. नळी उभी होती का हेही बघावं, ३ अंशांचा कलसुद्धा आकडा वाढवतो. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत ४० अंशांत लावलेला वेस्टरग्रेन (ईएसआरची पद्धत) तर मोजूच नये, १८ ते २५ अंश हवेत.

फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं, दाहात वाढणारं प्रथिन) कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते. अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्ये त्याला सीओपीडीत मान्यता दिली ती औषधांच्या चाचण्यांसाठी जास्त जोखमीचे पेशंट निवडायला, ३५० मिग्रॅ/डेसिलिच्या रेघेने. क्लिनिकमध्ये त्यावरून काही बदलत नाही. करायचंच असेल तर हिमॅटोक्रिट ५५ च्या वर असलेल्या पेशंटच्या ट्यूबमधलं सायट्रेट कमी करावं लागतं, नाहीतर थोड्या प्लाझ्मात जास्त सायट्रेट होऊन निकाल बिघडतो.

ईडीटीए नमुना खोलीच्या तापमानाला ठेवला असेल तर काही तासांतच लावला पाहिजे. दिवसभर कलेक्शन सेंटरच्या डब्यात फिरलेल्या नमुन्यात न्यूट्रोफिल कुजायला लागतात आणि तुमचं गुणोत्तर आपोआप ‘सुधारतं’.

गाठ_आणि_गणित (मेडिकल ऑन्कोलॉजी, ग्वाल्हेर)

कॅन्सरच्या बाजूने थोडं. एनएलआर, सीआरपी, अल्ब्युमिन यांचा उपयोग निदान झाल्यानंतरचा आहे: आजार कसा वागेल, पेशंट उपचार कितपत झेलेल. निदानाआधी नाही. शोधनिबंधांत एनएलआरची रेघ कुठे ३, कुठे ४, कुठे ५. जिची रेघ एका जागी थांबत नाही त्या टेस्टवर घरच्यांना हो किंवा नाही सांगता येत नाही.

तुकड्यात कॅन्सर आलाच तर दोन गणितं मी कागदावर मांडतो. एक, सुधारित ग्लासगो स्कोअर: सीआरपी १० किंवा त्याखाली तर ०, १० वर तर १, आणि १० वर असून अल्ब्युमिन ३.५ च्याही खाली तर २. आजच्या आकड्यांनी हा पेशंट २ वर बसतो, पण ते संसर्गामुळे, म्हणून हा २ लिहून ठेवू नका. दोन, लिपी (LIPI, फुप्फुसाच्या कॅन्सरचा स्कोअर): न्यूट्रोफिल भागिले (एकूण पेशी वजा न्यूट्रोफिल). इथे ९,२०४ भागिले २,५९६, म्हणजे ३.५. ३ वर असेल तर एक गुण, एलडीएच (पेशींतलं एन्झाइम) मर्यादेवर असेल तर दुसरा. इम्युनोथेरपीच्या पेशंटमध्ये शून्य, एक, दोन असे तीन गट पडतात. एलडीएचचा नमुना हिमोलाइझ झालेला (लाल पेशी फुटलेला) असेल तर फुकट, लाल पेशींत एलडीएच भरलेलं असतं.

नमुना नेहमी पहिल्या डोसाआधीचा. मेंदूच्या सुजेसाठी डेक्सामेथासोन चालू असेल किंवा पेमेट्रेक्सेडआधीच्या (केमोथेरपीचं औषध) स्टेरॉइड गोळ्या घेतल्या असतील, तर श्वासपट म्हणाले तोच स्टेरॉइडचा खेळ. फिल्ग्रास्टिमनंतर (न्यूट्रोफिल वाढवणारं इंजेक्शन) तर गुणोत्तर काढूच नये.

ट्यूमर मार्कर (कॅन्सरमध्ये वाढणारी रक्तातली द्रव्यं) मागणार असाल तर थांबा. सीईए बिडी-सिगारेटने तसाही थोडा वर असतो. एनएसई हिमोलिसिसने वाढतं. प्रो-जीआरपी मूत्रपिंड मंद असेल तर वाढतं. सीटीआधी यांतलं काहीही मागवलं की घरच्यांच्या हातात आणखी एक आकडा येतो आणि सीटी आठवडाभर पुढे जातो.

सुदामानगर_जीपी

आभारी आहे. नखं फुगलेली नाहीत. आज एसपीओ२ बसून ९४, प्लीहा हाताला लागत नाही, एमसीव्ही ८९. सीटी उद्याचा ठरवला आहे.

दोन उरलेले प्रश्न. मुलाचं म्हणणं, इन्फ्लमेशन कमी करणारं औषध दिलं तर कॅन्सरच टळेल, त्याने कुठेतरी वाचलंय. आणि माझा: पुढच्या एक्झॅसर्बेशनला अँटिबायोटिक द्यायचं की नाही यासाठी क्लिनिकमध्ये सीआरपी वापरावा का? प्रोकॅल्सिटोनिन (जिवाणूंच्या संसर्गात वाढणारं रक्तातलं द्रव्य) बरं का?

गाठ_आणि_गणित

त्याने वाचलं ते बहुधा कँटोस चाचणीबद्दल. हार्ट अटॅक येऊन गेलेले १०,००० हून अधिक पेशंट, सगळ्यांचा हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी २ किंवा वर, इंटरल्यूकिन-१ बीटा (दाह पेटवणारा रेणू) अडवणारं औषध कॅनाकिनुमॅब. २०१७ मध्ये निकाल आला, त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण बरंच घटलेलं दिसलं, ३०० मिग्रॅच्या गटात सर्वांत जास्त. पण ती चाचणी मुळात हृदयासाठी आखलेली होती, आणि जीवघेणे संसर्गही त्या औषधाने वाढले. मग तेच औषध फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटना दिलेल्या कॅनोपी चाचण्यांत, शस्त्रक्रियेनंतरही आणि पसरलेल्या आजारातही, मुख्य उद्दिष्ट गाठलं गेलं नाही. तेव्हा त्या वाटेने देण्यासारखं औषध आज नाही. सीआरपी खाली आणायला हळद-काढ्याच्या गोळ्या कुणी विकत असेल तर तेही थांबवा. त्यातल्या काहींत स्टेरॉइड मिसळलेलं निघतं आणि मग पुढचा एनएलआर परत बिघडतो.

श्वासपट

क्लिनिकमध्ये सीआरपी वापरा, उपयोग होतो. ब्रिटनमधल्या पेस चाचणीत (२०१९) जीपींनी सीओपीडीच्या एक्झॅसर्बेशनमध्ये बोटाच्या रक्तावर सीआरपी केला. अँटिबायोटिक घेणाऱ्यांचं प्रमाण ७७ टक्क्यांवरून ५७ वर आलं, पेशंटची प्रकृती त्यामुळे खालावली नाही. त्यांची रेघ: २० खाली फायदा होण्याची शक्यता कमी, २० ते ४० मध्ये कफ पू-सारखा असेल तरच, ४० वर द्या. तुमच्या पेशंटचा २४ आणि पिवळा कफ या मधल्या खणात बसतो, म्हणजे अ‍ॅमॉक्सिक्लॅव चुकलं नाही. रोम वर्गवारीत (२०२१) सीआरपी १० ही तीव्रतेच्या पाच खुणांपैकी एक आहे. बाकी चार: धाप, श्वासाची गती २४, नाडी ९५, आणि ऑक्सिजन. पाचांतल्या तीन जुळल्या तर मध्यम.

नमुना मात्र पहिल्या स्टेरॉइड गोळीच्या आधी घ्यायचा, सीबीसीसकट. तोच एक्झॅसर्बेशनचा इओसिनोफिल खरा असतो.

प्रोकॅल्सिटोनिन महाग, क्लिनिकमध्ये गरज नाही. दाखल पेशंटमध्ये ०.२५ च्या रेघेने वापरतात. फक्त एक लक्षात असू द्या: स्मॉल सेल कॅन्सर स्वतः प्रोकॅल्सिटोनिन तयार करू शकतो. ताप नाही, सीआरपी मामुली आणि प्रोकॅल्सिटोनिन चढलेलं, तर अँटिबायोटिक बदलत बसू नका.

काचपट्टी

एक गोष्ट कुणी बोललं नाही. हिमोग्लोबिन १६.८, पेशी ११,८००, प्लेटलेट ४.६२ लाख, तिन्ही रांगा वर. पांढऱ्या पेशींचं कारण स्टेरॉइड, हिमोग्लोबिनचं सीओपीडी, प्लेटलेटचं संसर्ग, अशी तीन वेगळी उत्तरं जुळतात. पण पुरुषात १६.५ वर हिमोग्लोबिन हा पॉलिसायथेमिया व्हेराचा (मज्जेत रक्तपेशी बेसुमार बनतात तो आजार) उंबरठा आहे, आणि ९४ एसपीओ२ मध्ये एवढं हिमोग्लोबिन का, हा प्रश्न उरतो. झोपेत ऑक्सिजन पडतो का ते रात्रभर ऑक्सिमीटर लावून बघा. सहा आठवड्यांनी सीबीसीत प्लेटलेट ४.५ लाखांवर आणि हिमोग्लोबिन तसंच राहिलं, सीटीत काही सापडलं नाही, तर एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं हार्मोन) आणि जॅक-२ (जनुकाची तपासणी) पाठवा. एरिथ्रोपोएटिन दबलेलं असेल तर दोष फुप्फुसाचा नाही, मज्जेचा.

उद्याचा सीटी कॉन्ट्रास्टचा असेल तर आज क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या, सेंटरवाले तिथेच अडवतात.